उगवणपूर्व

दाल बाजारातल्या जैनाने बाटली
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बजावलं,
बाबूजी, उगवलेल्याला हे काही करत नाही.
जे अजून उगवलं नाही, त्याच्यासाठी आहे.
मी पैसे दिले. पावती मागितली.
सवय.

थाटीपूरला आमचं लॉन पाच हजार फूट,
कोपऱ्यात एक लिंबू.
जावयाने हौसेने लावलं
आणि पुण्याला बदली करून घेतली.
गेल्या हिवाळ्यात बथुआ, कृष्णनील, जंगली पालक
असे माजले की भदौरियांची म्हैस
फाटकातून आत बघत उभी राहायची.
सुलभा म्हणाली, कापून घ्या.
रामसेवक म्हणाला, खुरपतो.
मी म्हटलं, नाही. या खेपेला आधीच.

पितृपक्ष संपला.
पहाटे अनवाणी पायाला माती गार लागली,
त्याच दिवशी टाकी भरली.
अंदाजाने नाही, मापाने.
पाणी हळदीसारखं झालं;
हातमोज्यावरचा डाग अजून गेलेला नाही.
दोऱ्या ताणून पट्टे आखले.
एक पंप, दोन पावलं, एक पंप, दोन पावलं,
फवारल्यावर पाय पडू नये म्हणून
मागे मागे सरकत.
रामसेवक भिंतीवर बसून बघत होता.
"साहब, घास तो दिख रही है.
दुश्मन कहाँ है?"

तेच तर.

एकोणीस वर्षं मी याच महिन्यात
याच कामावर सह्या केल्या.
दसऱ्याआधी ठाण्यातून यादी यायची.
कलम एकशे एक्कावन्न,
शांतता भंग होण्याची शक्यता.
शक्यता छापीलच असे,
नाव तेवढं शाईने भरायचं.

सगळेच साधू नव्हते.
काही जण आत असले म्हणजे
मुरारमधले दुकानदार शटर उघडं टाकून
घरी जेवायला जात.
हेही लिहून ठेवतो.

पण भरोसी म्हणून एक पोर होतं,
बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणाऱ्याचं,
ओठावर नुकती लव.
टेबलाची कड धरून म्हणालं,
"हुजूर, हमने करो का है?"
"कुछ नहीं,"
मी पुढचा कागद ओढत म्हटलं,
"इसीलिए तो."
पेशकार हसला.
मीही.

त्या दसऱ्याच्या मिरवणुकीत त्याचा बाप
एकटाच वाजवत चालला होता,
आणि मध्ये मध्ये,
जिथे दुसऱ्या कुणी तरी सूर उचलायचा,
तिथे थांबत होता.

फवारल्यावर नळी लावून अर्धा इंच पाणी.
औषध खाली उतरतं, त्याचा एक पातळ थर होतो.
मग माती उकरायची नाही, जैन म्हणाला होता,
थर मोडला की मोडला.
मी उकरत नाही.

कार्तिकात लॉन इतकं एकसारखं
की भदौरिया चपला काढून त्यावर आले.
मोथा मात्र आला.
तो बीने येत नाही, गाठीने येतो,
त्याला हे कलम लागू नाही.
आणि तिसऱ्या-चौथ्या दोरीच्या मध्ये
वीतभर रुंद एक पट्टी,
फाटकापासून लिंबापर्यंत सरळ,
बथुआने गच्च.
तिथे माझा हात हुकला असणार,
किंवा पाऊल.

रामसेवक खुरपं घेऊन आला.
म्हटलं, राहू दे.
सुलभा परात घेऊन बसली,
कोवळे शेंडे खुडू लागली,
मग थबकली.
"यावर ते औषध पडलेलं नाही ना?"
"पडलं असतं
तर हे तुला दिसलंच नसतं."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं,
परात माझ्या पुढ्यात सरकवली,
म्हणाली, देठं काढा.